जोडीच्या तारा

मैफलीस गेलेला श्रोता गाणाऱ्याकडे पाहतो, तबलजीकडे पाहतो, पेटीवाल्याच्या बोटांकडेही कौतुकानें पाहतो. मागें बसून, डोळे अर्धवट मिटून, चार तारांवरून एकसारखीं बोटें फिरविणाऱ्या शिष्याकडे मात्र सहसा कोणाची नजर जात नाहीं. आणि बैठक सुरू होण्यापूर्वीं त्या तारा ज्यानें सुरांत लावल्या त्याची तर आठवणही कोणास होत नाहीं. चित्राची स्तुति करतांना भिंत कोणीं पांढरी केली हें विचारण्याची चाल नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. आम्ही ह्या भिंत पांढरी करणारांच्या वर्गांतले आहों. आम्हांस गातां येत नाहीं. परंतु आमच्या पत्नीस येतें, आणि तिचा तंबोरा गेलीं सव्वीस वर्षें आम्ही लावीत आलों आहों. ‘आलों आहों’ म्हणण्यापेक्षां ‘आलों होतों’ म्हणणें आतां अधिक खरें. आणि क्रियापदांतला एवढाच फेरफार हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

तंबोरा आमच्या घरांत लग्नाबरोबरच आला. मिरजेचा, बायकी मापाचा, भोपळ्याभोंवतीं साधीच नक्षी असलेला. त्या काळीं पत्नी एका शाळेंत नोकरी करी, आणि सकाळच्या घाईंत रियाजास तिला जेमतेम पाऊण तास मिळे. त्यांतला पाव तास तारा लावण्यांत जाई. पावसाळ्यांत तर खुंट्या फुगत, एक तार लावावी तों दुसरी उतरे, आणि कधीं कधीं गाणें सुरू होण्याच्या आधींच शाळेची वेळ होई. हा पाव तास आपण तिला परत मिळवून द्यावा, एवढ्याच हेतूनें आम्हीं तें काम पत्करलें. नवविवाहित माणूस पत्नीस काय काय देऊं करतो! चंद्र, तारे, आणि काय काय. आम्हीं पंधरा मिनिटें दिलीं. त्या देणगीचा आम्हांस पुढें फार अभिमान वाटूं लागला, हीच काय ती आमची चूक.

हें काम आम्हांस शिकविलें पत्नीच्या गुरुजींनीं. आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. सूर म्हणजे काय ह्याची पुस्तकी व्याख्या आम्हांस पाठ होती, पण खुंटी कोणत्या बाजूस पिळावी हें ठाऊक नव्हतें. गुरुजी म्हणाले, ‘प्रोफेसरसाहेब, सूर ऐकायला जाऊं नका. भांडण ऐका. भांडण थांबलं कीं सूर लागला समजा.’ हें वाक्य आम्हांस त्या दिवशीं चमत्कारिक वाटलें. आज त्याच्याइतकें शास्त्रशुद्ध वाक्य आम्हांस आमच्या साऱ्या विद्यार्थिदशेंत दुसरें कोणीं सांगितलेलें आठवत नाहीं.

ज्यांच्या घरीं तंबोरा नाहीं त्या वाचकांसाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. तंबोऱ्यास तारा चार. पहिली मंद्र पंचमाची. मालकंसासारखा पंचम वर्ज्य असलेला राग गावयाचा असेल तर तीच मध्यमांत उतरवितात, आणि मारवा किंवा पूरिया असेल तर निषादांत चढवितात. चौथी तार खर्जाची. ती पितळेची आणि जाड. मधल्या दोन तारा पोलादी, आणि दोन्ही एकाच मध्य षड्जाच्या. ह्या दोघींस मिळून जोडी म्हणतात. पहिली तार मधल्या बोटानें आणि उरलेल्या तीन तर्जनीनें, एकामागून एक, अशा छेडावयाच्या कीं एकीचा नाद विरण्यापूर्वीं दुसरीचा त्यांत येऊन मिळावा. खुंटी पिळून सूर ढोबळ मानानें लागतो. मग जो केसभर फरक राहतो तो घोडीच्या खालीं तारेंत ओंवलेला मणी किंचित् वर-खालीं सरकवून काढावयाचा. खुंटी घसरूं लागली तर तिला खडू लावावयाचा. आणि खडू हा तर आमच्या धंद्याचाच पदार्थ असल्यामुळें आम्ही ह्या कामास जन्मतःच योग्य आहों असें आमचें मत झालें होतें.

आतां कोणीही शहाणा मनुष्य विचारील कीं, तारा मुळांत चारच असतां त्यांतल्या दोन एकाच सुरावर खर्ची घालण्यांत काय हशील? आम्हीही हा प्रश्न विचारला होता. पुढें पाहतां पाहतां असें दिसून आलें कीं, ही उधळपट्टी एकट्या तंबोऱ्याची नव्हे. सतारीवर बाजाच्या तारेशेजारीं षड्जाच्या दोन तारा लावण्याची जुनी पद्धत आहे, आणि त्यांचेंही नांव जोडीच आहे. कित्येक वादकांच्या सतारीवर आतां त्यांतली एकच तार उरली आहे. तरी तिला ते ‘जोड’ म्हणूनच ओळखतात. एकटी राहिलेली तार जुन्याच नांवानें हांक मारली असतां ओ देते, हें आम्हांस फार वेळ विचार करण्यासारखें वाटतें.

तिकडे युरोपांत सोळाव्या शतकांत ल्यूट नांवाचें वाद्य मोठ्या आवडीनें वाजवीत. त्याच्या तारांचे बहुधा सहा गट असत. सर्वांत उंच सुराचा गट एका तारेचा, आणि उरलेले पांच दुहेरी. मेंडोलीनला तारा आठ, पण वाजविणाराच्या लेखीं त्या चारच. दोन-दोन तारा एका सुरांत, आणि प्रत्येक जोडी आपल्या खालच्या जोडीहून पंचमानें उंच, अगदीं व्हायोलिनप्रमाणें. बारा तारांची जी गिटार असते तिच्यांत आणखी एक गंमत आहे. तिच्या वरच्या दोन जोड्या एकसुरी. पण खालच्या चार जोड्यांत एक तार दुसरीहून सप्तकभर उंच लावलेली असते. म्हणजे दोघींचें नांव एक, घर एक, आणि उंचीत मात्र दुपटीचें अंतर! अशीं जोडपीं आपणां सर्वांच्या ओळखीचीं असतील. इंग्रजींत तारांच्या अशा गटास ‘कोर्स’ म्हणतात. आमचा सारा जन्म कोर्स पुरे करण्यांत गेला, परंतु ह्या शब्दाला हाही एक अर्थ आहे हें आम्हांस पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलें. १६०९ सालीं छापलेल्या शेक्सपिअरच्या सुनीतांपैकीं आठव्यांत तारांना दांपत्याची उपमा दिलेली आहे. तें सुनीत आम्हीं वर्गांत कितीदां तरी शिकविलें, उपमा, उपमान आणि उपमेय फोडून दाखविलें, आणि पुढच्या सुनीताकडे वळलों. त्या काळच्या ल्यूटवर तारा जोडीजोडीनें लावीत, एवढी साधी गोष्ट सांगितली असती तर उपमा आपोआप उलगडली असती. पण ती आम्हांसच ठाऊक नव्हती.

जोडी लावण्याचें पहिलें कारण उघड आहे. एका तारेचा आवाज लहान, दोघींचा मोठा. परंतु तेवढ्याचसाठीं कोणी एवढा त्रास सोसणार नाहीं. कारण जोडीचा त्रास खरोखरीच मोठा असतो. तार खेंचून मींड काढावयाची झाली तर दोघी सारख्या खेंचल्या जात नाहींत. मेंडोलीनवर कर्नाटक संगीत वाजवून जगभर नांव मिळविणारे यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) ह्यांनीं म्हणूनच कीं काय, जोड्यांना रजा दिली, आणि पांच एकेरी तारांचें विजेचें मेंडोलीन पत्करलें. तेव्हां, जेथें सूर पुष्कळ हलवावयाचा असेल तेथें एकटें असणें बरें. तंबोऱ्याचें काम ह्याच्या अगदीं उलट आहे. त्याला कोठें जावयाचें नसतें. एका जागीं बसून राहणें हाच त्याचा धर्म. आणि एका जागीं बसून राहावयाचें म्हटलें कीं सोबत पाहिजे.

दुसरें कारण आम्हांस आमच्या महाविद्यालयांतील पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्यांनीं समजावून दिलें. आमच्या घरचा षड्ज हल्लीं पांढरी सहाचा. म्हणजे जोडीची तार सेकंदास सुमारें २२० आंदोलनें करते. समजा, दुसरी तार हिच्याहून पाव आंदोलनानें मागें राहिली. मग दोघींचा नाद एकत्र होऊन चार सेकंदांतून एकदां फुगेल आणि एकदां ओसरेल. हेंच गुरुजींचें भांडण. परंतु चार सेकंदांतून एकदां होणारें भांडण कोणाच्या लक्षांत येणार? तोंवर तारेचा नादही विरूं लागतो. तथापि तार केवळ आपल्या मूळ सुरानेंच वाजत नसते. त्याच्या दुप्पट, तिप्पट, दसपट, वीसपट आंदोलनांचे बारीक सूर तिच्या पोटांत एकाच वेळीं चाललेले असतात. मूळ सुरांत पाव आंदोलनाचा फरक असला तर विसाव्या सुरांत तो पांच आंदोलनांचा होतो. म्हणजे खालीं जें भांडण चार सेकंदांतून एकदां होतें तेंच वर एका सेकंदांत पांच वेळां होतें. दारांतून शांत दिसणाऱ्या घराच्या माडीवर काय चाललें आहे, हें ज्याचे कान माडीपर्यंत पोंचतात त्यालाच कळतें.

आणि ही माडी तंबोऱ्याइतकी उंच क्वचितच कोणा वाद्याला असेल. त्याची घोडी धारदार नसते; तिचा माथा रुंद आणि किंचित् उतरता असतो. हालणारी तार त्या उतारावर टेकत टेकत, घासत घासत वाजते. वर घोडी आणि तार ह्यांच्यामध्यें सुताचा एक दोरा घालून तो नेमक्या जागीं आणला, कीं तार एकदम बोलूं लागते. बारीक सुरांचा जणूं मोहोळच उठतो. हीच जवारी. सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनीं १९२१ सालीं वीणा आणि तंबोरा ह्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला, आणि तार जेथें छेडावी तेथें स्थिर बिंदु असलेले सूर तिच्यांत उमटूं नयेत असा जो पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा नियम होता तो ह्या घोडीपुढें चालत नाहीं, असें दाखवून दिलें. चांगल्या लागलेल्या खर्जांतून न लावलेला गांधार ऐकूं येतो तोही ह्याच कुटुंबांतला. खर्जाच्या पांचपट आंदोलनांचा. हा गांधार प्रथम ऐकूं आला त्या दिवशीं आम्ही पत्नीस स्वयंपाकघरांतून ओढून आणलें होतें. तिला तो लहानपणापासून ऐकूं येत होता. पण तसें तिनें त्या दिवशीं बोलून दाखविलें नाहीं. ह्या गोष्टीचा अर्थ आम्ही तेव्हांच ओळखावयास हवा होता.

गेल्या श्रावणांतली गोष्ट. सकाळीं तंबोरा लावून, तो पत्नीच्या हातीं देऊन आम्ही कॉलेजास निघालों. जिना उतरल्यावर छत्री राहिल्याचें ध्यानांत आलें म्हणून परत फिरलों. दार नुसतेंच लोटलेलें होतें. आंत गाणें सुरू झालेलें नव्हतें. नुसती जोडी वाजत होती. पुन्हां जोडी, पुन्हां जोडी. आम्हीं डोकावून पाहिलें. पत्नी आमच्याकडे पाठ करून बसली होती, आणि दुसऱ्या जोडीच्या तारेचा मणी नखानें खालीं सरकवीत होती. केसभर. मग तिनें पुन्हां दोन्ही तारा छेडल्या, मान हलविली, आणि षड्ज लावला. आम्ही छत्री न घेतांच खालीं उतरलों, आणि भिजत कॉलेजास गेलों.

पहिल्या दिवशीं आम्हीं स्वतःची समजूत घातली कीं, पावसाळी हवेनें तार उतरली असेल. दुसऱ्या दिवशीं अर्धा तास खपून तारा लावल्या, आणि जिन्याच्या वळणावर, शेजाऱ्यांनीं पाहिलें तर काय म्हणतील ह्याची पर्वा न करतां, कान देऊन उभे राहिलों. वरून जोडी ऐकूं आली. मग क्षणभर शांतता. मग पुन्हां जोडी. असें आठ दिवस चाललें. आमच्या चिरंजीवांनीं पूर्वीं एकदां सूर दाखविणारें एक यंत्र आमच्या मोबाईलवर आणून दिलें होतें, व आम्हीं तें तुच्छतेनें बाजूस सारलें होतें. तें आतां चोरून उघडलें. त्याचा कांटाही तार छेडतांच थोडा वर जाई, मग खालीं येई, आणि मध्यें कोठें तरी घुटमळत राही. त्याची साक्ष आमच्या बाजूची कीं विरुद्ध, हें कांहीं केल्या ठरेना.

तेव्हां आम्हीं दोष जवारीवर घातला. तारा घोडीवर घासून घासून तिच्यांत चरे पडतात, आणि मग जवारी नव्यानें काढावी लागते, हें आम्हांस ठाऊक होतें. तंबोरा गवसणींत घालून एका रविवारीं मिरज गांठली. मिरजेच्या सतारमेकर गल्लींत ज्यांचीं दुकानें आहेत त्या शिकलगारांचे पूर्वज एके काळीं तलवारींस धार लावीत. राज्यें गेलीं, तलवारी गेल्या, आणि ते हात सतारी-तंबोऱ्यांकडे वळले. पंढरपूरकडचा भोपळा आणि तुणाचें लांकूड ह्यांतून ते जें निर्माण करतात त्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. अब्दुल करीम खांसाहेब ह्याच गांवीं राहिले, १९३७ सालीं वारल्यावर येथेंच विसावले, आणि तंबोरा लावण्यांतल्या त्यांच्या काटेकोरपणाच्या गोष्टी अजून येथें सांगतात. अशा गांवीं आपलें लावणें तपासून घेण्यास जाणें हें एखाद्या परीक्षेस बसण्यासारखेंच होतें. परंतु आम्ही अर्थातच आपल्यास परीक्षार्थी समजत नव्हतों. परीक्षा घोडीची होती.

म्हाताऱ्या कारागिरांनीं गवसणी काढली, घोडीवरून अंगठा फिरविला, तारा बाजूस करून ती डोळ्यांशीं धरली. मग तारा जागेवर आणून दोन मिनिटांत तंबोरा लावला. कानस हातांत घेतलीच नाहीं.

‘साहेब, जवारी चोख आहे. वाद्याला कांहीं झालेलं नाहीं.’

‘मग जोडी बसत कां नाहीं?’ आम्हीं विचारलें.

‘लावतं कोण?’

‘आम्ही.’

‘आणि गातं कोण?’

‘घरांतली मंडळी.’

त्यांनीं आमच्याकडे पाहिलें, मग तंबोऱ्याकडे पाहिलें, आणि गवसणीची नाडी बांधतां बांधतां म्हणाले, ‘मग थोडे दिवस लावायचंही त्यांच्याकडेच द्या कीं. गळ्याला कळतं.’ पैसे विचारले तर हात जोडले. म्हणाले, कामच केलें नाहीं तर पैसे कसले. एवढ्या सभ्यपणानें आम्हांस आजवर कोणीं नापास केलेलें नाहीं.

परततांना गाडींत आम्हांस दुसऱ्याच कांहीं गोष्टी आठवूं लागल्या. अलीकडे दोन वर्षें आमच्या वर्गांत शिस्त वाढल्याचें आमच्या लक्षांत आलें होतें. मागच्या बांकांवरची कुजबूज जवळजवळ थांबली होती, आणि ह्याचें श्रेय आम्ही आमच्या वाढत्या व्यासंगास देत होतों. पावसाळ्यांतले रातकिडे कमी झाल्याबद्दल तर आम्हीं एका सभेंत पर्यावरणाच्या ऱ्हासाचा दाखला म्हणून उल्लेखही केला होता. दुसऱ्याच आठवड्यांत आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं एका बंद खोलींत बसवून कानांत निरनिराळ्या उंचीचे सूर सोडले, आणि बाहेर आल्यावर एक कागद पुढें ठेवला. त्यावरची रेघ तीन हजार आंदोलनांपर्यंत सपाट चाललेली, आणि तेथून पुढें घाटासारखी उतरलेली. ते म्हणाले, वयोमानानें असें होतें. पुरुषांत अधिक होतें. कानाच्या आंतल्या शंखाच्या तोंडाशीं ज्या पेशी असतात त्या उंच सुरांच्या; त्याच आधीं झिजतात, आणि एकदां गेल्या कीं परत येत नाहींत. बोलणें तुम्हांस व्यवस्थित ऐकूं येतें. फार तर ‘स’ आणि ‘श’ ह्यांची गफलत होईल. सध्यां चिंतेचें कारण नाहीं.

चिंतेचें कारण नव्हतें हें खरें. परंतु त्या कागदाकडे पाहतां पाहतां आम्हांस पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांचें गणित आठवलें. २२० च्या वीसपट चार हजार चारशें. आम्ही ज्या माडीवरचें भांडण ऐकून जोडी लावीत होतों त्या माडीचा जिनाच आमच्यापुरता मोडला होता. तळमजल्यावर सर्व शांत आहे एवढेंच आम्हांस ऐकूं येत होतें, आणि घर सुखांत आहे असा निर्वाळा आम्ही रोज सकाळीं देत होतों.

खरें दुःख मात्र कानाचें नव्हतें. पन्नाशी उलटल्यावर दांत, गुडघे, डोळे हे एकेक करून रजेचे अर्ज करूं लागतात. त्यांत कानाची भर पडली, इतकेंच. दुःख ह्याचें होतें कीं, हें घरांत एका माणसास ठाऊक होतें आणि दुसऱ्यास नव्हतें. मराठींत ‘जुळवून घेणें’ हा एक मोठा कावेबाज शब्द आहे. तारा जुळवून घेतात, आणि माणसेंही जुळवून घेतात. आम्ही रात्रीं अंथरुणावर पडून विचार करूं लागलों कीं, ह्या सव्वीस वर्षांत आम्ही पाठ फिरविल्यावर आणखी काय काय जुळवून घेतलें गेलें असेल? आम्हीं केलेला हिशेब, आम्हीं मुलांस दिलेली शिकवण, पाहुण्यांशीं आम्हीं केलेलें बोलणें, ह्या प्रत्येकाच्या खालीं एखादा मणी होता काय, आणि तो कोणीं नखानें केसभर सरकविला होता काय?

शेवटीं एका संध्याकाळीं आम्हीं तो कागद तिच्यापुढें ठेवला. तिनें तो वाचला, आणि घडी घालून तंबोऱ्याच्या शेजारीं ठेवला.

‘तुला ठाऊक होतं?’

‘हो.’

‘केव्हांपासून?’

‘झालीं असतील दोन वर्षं.’

‘मग बोलली कां नाहींस?’

‘अहो, तुम्ही लावून उठलात कीं तुमच्या चेहऱ्यावर कसलं समाधान असायचं! एक मणी सरकवायला कितीसा वेळ लागतो?’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आणि खर्जाला मी कधीं हात लावला नाहीं. तो तुमचा अगदीं नीट असतो.’

आम्ही यावर कांहींसें रागावून म्हणालों कीं, एकमेकांपासून अशा गोष्टी लपवून ठेवणें बरें नव्हे. तेव्हां ती हंसली.

‘चार वर्षांपूर्वीं गणपतींतल्या कार्यक्रमांत वरचा पंचम लावतांना माझा गळा चिरकला. आठवतं? त्यानंतर आठ दिवसांत तंबोऱ्याचा षड्ज काळी पांचवरून पांढरी सहावर आला. तो हवेनं उतरला काय?’

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. वयाबरोबर गळा खालीं येतो, ह्यांत कमीपणा कांहींच नाहीं. परंतु तें तिला तोंडानें सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नव्हतें. म्हणून एका सकाळीं आम्हीं चारही तारा अर्ध्या सुरानें उतरवून ठेवल्या होत्या. पेटीवाचून रियाज करणाऱ्या बाईला हें कळणार नाहीं, अशी आमची समजूत होती. जिला पाव आंदोलनाचा फरक खटकतो तिला तेरा आंदोलनांचा कळणार नाहीं, असें मानणारा मनुष्य इंग्रजीचा प्राध्यापक झाला हें एकंदरींत ठीकच झालें. गणिताचा झाला असता तर विद्यार्थ्यांचें नुकसान होतें.

तेव्हांपासून आमच्या घरीं तंबोरा लावण्याची रीत बदलली आहे. प्रथम आम्ही एकटे खर्ज लावतों. तेथें आम्हांस कोणाची मदत लागत नाहीं. तो गांधार साडेपांचशें आंदोलनांचा, आणि डॉक्टरांच्या कागदावरची रेघ तेथें अजून सपाट आहे. मग पंचम. जोडीची वेळ आली कीं पत्नी येऊन समोर बसते. ती तारा छेडते, आम्ही मणी सरकवितों. पूर्वीं जो पाव तास आम्हीं तिला वांचवून दिला होता तो आतां दोघांचाही खर्च होतो. पण तिची नोकरी संपली आहे, आणि सकाळीं तितकीशी घाई नसते. भांडण थांबलें कीं नाहीं हें आम्हांस नीटसें ऐकूं येत नाहीं. आम्ही तिच्या चेहऱ्याकडे पाहत असतों. तिनें मान हलविली कीं आमचें बोट थांबतें.